हप्ता थांबला, व्याज थांबले नाही : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई.

प्रत : मा. केंद्रीय अर्थमंत्री, मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : साथीच्या काळातील कर्जहप्त्यांची स्थगिती आणि पुढच्या वेळेसाठी आत्ताच लिहून ठेवायचे नियम

महोदय,

सविनय नमस्कार.

मी महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेत कर्ज विभागात काम करते. बँकेचे नाव लिहीत नाही, कारण हे पत्र बँकेच्या वतीने नाही आणि बँकेविरुद्धही नाही. टाळेबंदीत बँका अत्यावश्यक सेवेत होत्या, त्यामुळे २०२० चे ते सगळे महिने मी काउंटरच्या आत बसून काढले. शटर अर्धे खाली, बाहेर फरशीवर आखलेली वर्तुळे, आणि त्या वर्तुळांत उभी राहिलेली माणसे. काही जण पैसे काढायला आलेले असत. उरलेले एकच प्रश्न घेऊन येत : "मॅडम, आमच्या हप्त्याचं काय?"

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून लागू झाली. तीन दिवसांनी, २७ मार्चला, रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ मे या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. त्याच दिवशी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ५.१५ वरून ४.४० टक्के झाला. २२ मे रोजी तो ४ टक्क्यांवर आला आणि हप्त्यांची स्थगिती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हा निर्णय इतक्या लवकर झाला याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. तो आठवडाभर जरी लांबला असता, तरी एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत किती खात्यांवर हप्ता परत गेल्याचा दंड पडला असता आणि किती जणांचे सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीची नोंद, बिघडले असते, हे आमच्यासारख्यांना चांगले माहीत आहे.

त्यामुळे स्थगिती का दिली असे मी विचारत नाही. माझे म्हणणे तिच्या किमतीबद्दल आहे. ती किंमत कोणी भरली आणि भरणाऱ्याला ती आधी कळली होती का, एवढेच मला आपल्यासमोर मांडायचे आहे.

माझ्यापासूनच सुरुवात करते. लोक विचारायचे, "हप्ता माफ झाला ना?" मी सांगायची, "माफ नाही, थांबलाय. नंतर भरायचा." ते मान हलवायचे आणि अर्जावर सही करायचे. अर्ज एका पानाचा होता : नाव, खाते क्रमांक, मोबाइल, सही. शिल्लक मुद्दलावर या काळात व्याज चालू राहील, हे वाक्य आपल्या परिपत्रकात होते, ते मी नाकारत नाही. पण परिपत्रक आमच्यासाठी होते. समोरच्या माणसाच्या हातात त्याच्या भाषेत, त्याच्या स्वतःच्या कर्जाचा आकडा घालून एक ओळही आम्ही दिली नाही. मी दिली नाही. त्या वेळी तसा आकडा काढून द्यायची पद्धतच नव्हती, हे खरे आहे. पण कॅल्क्युलेटर माझ्या टेबलावर होता.

त्या रांगेत शाळेची व्हॅन चालवणारे एक काका होते. पोरे त्यांना व्हॅनकाका म्हणत, म्हणून मीही तेच लिहिते. व्हॅनच्या कर्जाचे त्यांचे २ लाख रुपये शिल्लक होते, व्याज १२ टक्के, ३६ हप्ते बाकी, हप्ता ६,६४३ रुपये. एकही हप्ता कधी चुकला नव्हता. त्यांनी सहाही महिने स्थगिती घेतली. सहा महिन्यांनी त्यांचे कर्ज २ लाख १२ हजार ३०४ रुपये झाले होते. हप्ता तेवढाच ठेवायचा म्हटल्यावर ३६ च्या जागी पावणेएकोणचाळीसच्या आसपास हप्ते भरावे लागणार होते. म्हणजे थांबलेले सहा हप्ते तर भरायचेच, शिवाय जवळजवळ १८ हजार रुपये जास्त.

गृहकर्जाचा हिशेब याहून जड आहे. २० लाख रुपये शिल्लक, ८ टक्के व्याज, १५ वर्षे बाकी असे कर्ज घ्या. हप्ता येतो १९,११३ रुपये. सहा महिने हप्ता थांबवला की शिल्लक २० लाख ८१ हजारांवर जाते. हप्ता न वाढवता हे फेडायचे, तर १८० ऐवजी जवळपास १९५ हप्ते. पंधरा हप्ते जास्त, म्हणजे सुमारे २ लाख ८३ हजार रुपये. कर्ज संपायला एकूण पावणेदोन वर्षे उशीर. ज्या घरात निवृत्तीला दहा-बारा वर्षे उरली आहेत, त्या घरासाठी ही पावणेदोन वर्षे म्हणजे पेन्शनमधून हप्ता भरणे, किंवा मुलाने पहिल्या पगारापासून बापाचे कर्ज उचलणे.

क्रेडिट कार्डवाल्यांची गोष्ट तर मला आजही अस्वस्थ करते. कार्डाच्या बिलालाही स्थगिती होती, म्हणून अनेकांनी तीही घेतली. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ५० हजारांच्या थकबाकीवर सहा महिन्यांत साडेअकरा हजारांच्या आसपास व्याज चढते, वर जीएसटी वेगळा. कोपऱ्यावरच्या सावकाराचे व्याजही काहींना याहून कमी पडते. असे कर्ज थांबवण्यापेक्षा दुसरे काहीही करून फेडलेले बरे, हे त्या माणसाला सांगणारे कोणी तरी असायला हवे होते.

पुढे प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. वर्तमानपत्रांत महिनोन्महिने "व्याजावरचे व्याज" हा शब्द गाजत होता आणि आमच्या कर्जदारांना वाटत होते की सहा महिन्यांचे व्याजच माफ होणार आहे. २३ ऑक्टोबर २०२० ला केंद्र सरकारने योजना आणली : २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक सरकार भरेल. २९ फेब्रुवारी २०२० ची शिल्लक धरून हिशेब करायचा आणि ५ नोव्हेंबरपर्यंत रक्कम खात्यात जमा करायची. ज्यांनी स्थगिती घेतलीच नव्हती, त्यांनाही. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने २ कोटींची मर्यादाही काढली.

व्हॅनकाकांच्या खात्यात ३०४ रुपये जमा झाले.

दिवाळी आठवडाभरावर आली होती. ते पासबुक भरून घ्यायला आले आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, हे कशाचे?" मी समजावून सांगितले : सहा महिन्यांचे सरळ व्याज १२,००० रुपये, चक्रवाढीने १२,३०४. सरकारने वरचे ३०४ दिले. खालचे बारा हजार तुमचे. ते बराच वेळ पासबुक बघत उभे राहिले. मग विचारले, "मग इतके दिवस कोर्टात काय चाललं होतं?" मला उत्तर देता आले नाही. २० लाखांच्या गृहकर्जावर हाच फरक १,३४५ रुपये होतो. ८० हजारांचे व्याज कर्जदाराच्या डोक्यावर तसेच राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ च्या निकालात म्हटले की संपूर्ण व्याजमाफी शक्य नाही, कारण बँकांना ठेवीदारांना आणि पेन्शनरांना व्याज द्यावेच लागते. महोदय, यात मी न्यायालयाशी सहमत आहे. आमच्या शाखेतले निम्मे ठेवीदार निवृत्त शिक्षक, एसटीचे कर्मचारी आणि विधवा बायका आहेत. त्यांच्या ताटातले काढून कर्जदाराच्या ताटात वाढावे असे मी म्हणणार नाही. त्यांच्या ताटाला तर तेव्हाच कात्री लागली होती. १ एप्रिल २०२० पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.६ वरून ७.४ टक्के झाला आणि पीपीएफचा ७.९ वरून ७.१. तेव्हा १५ लाखांच्या कमाल मर्यादेपर्यंत नव्याने पैसे ठेवणाऱ्या आजोबांना आधीच्या मानाने महिन्याला दीड हजार रुपये कमी. औषधे, सॅनिटायझर, मास्क, चाचण्या यांचा खर्च वाढला तो त्याच महिन्यांत.

म्हणजे कर्ज असलेले घर कर्जावर व्याज चढवून जगले आणि ठेव असलेले घर कमी व्याजात जगले. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते, त्यांनी भविष्य निर्वाह निधी काढला. २८ मार्च २०२० पासून तीन महिन्यांचा पगार किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांत जे कमी ते काढता येत होते, परत भरायचे बंधन नाही. मे २०२१ च्या अखेरीस दुसऱ्यांदाही काढायची परवानगी मिळाली. पैसे लवकर मिळाले, ही मोठी गोष्ट होती. पण पस्तिशीत काढलेले ६० हजार रुपये ८ टक्क्यांनी पंचवीस वर्षांत ४ लाखांच्या पुढे गेले असते. ते आता नाहीत आणि ते परत भरायला मदत करणारी कोणतीही योजना त्यांच्यासाठी आली नाही.

आणि सोने. ६ ऑगस्ट २०२० ला बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा मिळाली, ३१ मार्च २०२१ पर्यंत. नेमके त्याच आठवड्यात सोन्याचा भाव विक्रमी होता, दहा ग्रॅमला ५५ हजारांच्या वर. आमच्या काउंटरवर पाटल्या, बांगड्या, गंठणे आली. मंगळसूत्र ठेवताना एका ताईंनी वाटी काढून पदराला बांधून घेतली आणि बाकीचे वजनकाट्यावर ठेवले. पुढे मार्च २०२१ पर्यंत भाव जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरले. ९० टक्के कर्ज, त्यावर व्याज आणि खाली येणारा भाव : तारणात राखून ठेवायला जागाच उरली नव्हती. बँकेने जादा रक्कम भरा किंवा दागिना सोडवा म्हटले की ती घरे कोठून आणणार? लिलावाच्या जाहिराती त्या वर्षी वर्तमानपत्रांची पाने भरून येत होत्या. जास्त कर्ज मिळणे म्हणजे जास्त मदत मिळणे, असे त्या निर्णयात गृहीत धरले होते. कर्ज विभागात इतकी वर्षे काढल्यावर मी सांगू शकते, की उत्पन्न बंद असलेल्या माणसाला जास्त कर्ज देणे हे बहुतेक वेळा त्याचा दागिना लिलावाच्या अधिक जवळ नेणे असते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्यावर येते.

स्थगिती ३१ ऑगस्ट २०२० ला संपली. १ सप्टेंबरपासून हप्ते सुरू. महाराष्ट्रात हॉटेलांत बसून जेवायला परवानगी मिळाली ५ ऑक्टोबर २०२० ला. मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांसाठी सुरू झाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांत. शाळा राज्यभर पुन्हा उघडल्या ४ ऑक्टोबर २०२१ ला : शहरात आठवीपासून आणि ग्रामीण भागात पाचवीपासून. पहिली-दुसरीची पोरे, जी खरी व्हॅनमध्ये बसतात, ती डिसेंबरपर्यंत घरीच होती. व्हॅनकाकांचे शाळेच्या फेऱ्यांचे उत्पन्न वीस महिने शून्य होते आणि त्यांच्या हप्त्याला सहा महिने उसंत मिळाली. शाळा त्यांनी बंद केल्या नव्हत्या. सरकारी आदेशाने बंद झाल्या होत्या, आणि त्या वेळी तो आदेश योग्यही होता. पण ज्या आदेशाने एखाद्याची कमाई बंद होते, त्याच आदेशाच्या तारखेला त्याचा हप्ता का बांधलेला नसावा?

ऑगस्ट २०२० मध्ये कर्ज पुनर्रचनेची, म्हणजे हप्ते आणि मुदत नव्याने बांधून देण्याची, योजना आली होती, मान्य. मीच त्यांना अर्ज दिला. त्यात पुढचे उत्पन्न कसे आणि कधी येईल ते दाखवायचे होते. शाळा कधी उघडणार हे शिक्षण विभागालाही सांगता येत नव्हते, तर ते कोणत्या कागदावर दाखवणार? शिवाय पुनर्रचना केली की खात्यावर तशी नोंद राहते आणि पुढचे कर्ज अडते, हे त्यांना कोणी तरी सांगितले होते. खोटे नव्हते ते. त्यांनी अर्ज परत दिला. व्हॅनमधल्या सीट काढून त्यांनी भाजी विकली, कांदे-बटाट्यांची पोती भरून सोसायट्यांच्या गेटवर उभे राहिले आणि मिळेल तसा हप्ता भरला.

मग एप्रिल २०२१. राज्यात पुन्हा निर्बंध आले. राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि बांधकाम कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. व्हॅनकाका यातल्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. भाड्याने शिफ्टवर रिक्षा चालवणाराही नाही, कारण परवाना मालकाच्या नावावर. मदत कागदामागे जाते आणि ज्याच्याकडे कागद नाही तो सगळ्यात गरीब असतो, हे मी नव्याने सांगायला नको.

पण त्या लाटेत आणखी एक गोष्ट घडली. पहिल्या लाटेत बहुतेक घरांची कमाई बुडाली होती. दुसऱ्या लाटेत घरात आजार आला. ऑक्सिजन, रेमडेसिविर, खाट मिळवण्यासाठी धावाधाव, रुग्णवाहिका. राज्य सरकारने खासगी रुग्णालयांचे दर २०२० मध्येच बांधून दिले होते : साध्या वॉर्डाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. ते दर नसते तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. तरी महागडी औषधे, पीपीई, काही तपासण्या त्या दराच्या बाहेर होत्या. चौदा दिवस व्हेंटिलेटरवर म्हणजे नियमात बसणारेच सव्वा लाख, आणि औषधे वेगळी. रेमडेसिविर आणि ऑक्सिजन काॅन्सन्ट्रेटरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला जूनच्या मध्यात, लाट ओसरायला लागल्यावर. ज्या घरांनी एप्रिल-मेमध्ये पावत्या फाडल्या, त्यांनी पूर्ण कर भरला.

आणि या वेळी सरसकट स्थगिती नव्हती. ५ मे २०२१ ला पुन्हा पुनर्रचनेची योजना आली, अर्ज करून, कागद जोडून. आयसीयूच्या बाहेर जमिनीवर बसलेल्या माणसाने अर्ज करायचा होता.

आमच्या एका गृहकर्जदाराचे मे २०२१ मध्ये निधन झाले. वय चाळीसच्या आत. वर जो २० लाखांचा हिशेब मांडला, तो जवळजवळ त्यांच्याच खात्याचा. २०२० मध्ये कंपनीने पगार निम्मा केल्यावर त्यांनी सहा महिने हप्ता थांबवला होता. कर्जाचा विमा घेतला नव्हता. घेतला असता तर बरे झाले असते हे मला तेव्हा त्यांच्या पत्नीला सांगवले नाही. त्या सहकर्जदार होत्या, म्हणून कर्ज आता त्यांचे. दहाव्यानंतरच्या आठवड्यात हप्त्याचा एसएमएस त्यांच्या नवऱ्याच्या मोबाइलवर आला आणि तो मोबाइल मुलाच्या हातात होता. एसएमएस आपोआप जातो. मी तो थांबवू शकले नाही, कारण मृत्यूची नोंद व्हायला दाखला लागतो आणि त्या महिन्यात दाखले मिळायला रांगा होत्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळाले. आधी १४ मार्च २०२० च्या केंद्राच्या पत्रात ४ लाखांचा उल्लेख होता, तो त्याच दिवशी बदलला गेला होता. ५० हजार म्हणजे त्या घराचे अडीच हप्ते. ताई आता एका दवाखान्यात रिसेप्शनला काम करतात आणि हप्ता भरतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्के झाला, तेव्हा हप्ता वाढू नये म्हणून त्यांच्या कर्जाची मुदत आणखी वाढली. मुलगा तेव्हा सातवीत होता. हे कर्ज संपेल तेव्हा तो तिशीच्या जवळ असेल.

साथ संपली म्हणून कागदावर सगळे पूर्ववत झाले आहे. घरांचे हप्ते अजून साथीतच आहेत.

महोदय, मी काय मागते आहे ते सांगते. ३०४ रुपयांनी मला एक गोष्ट शिकवली : सरकारने मनात आणले तर कोणताही अर्ज न घेता, कोणतीही रांग न लावता, देशभरातल्या कर्जखात्यांत दोन आठवड्यांच्या आत हिशेब करून पैसे जमा करता येतात. आम्हीच ते केले. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री नऊपर्यंत बसून प्रत्येक खात्याचा फरक काढला. जी यंत्रणा ३०४ रुपये जमा करू शकते, तीच १२ हजार जमा करू शकते. फरक फक्त तरतुदीचा आहे आणि ती तरतूद ठेवीदाराच्या किंवा बँकेच्या खिशातून न होता अर्थसंकल्पातून व्हायला हवी. छोट्या कर्जांची मर्यादा ठरवा. उद्योगपतींना द्या असे कोणी म्हणत नाही. घर, व्हॅन, रिक्षा, शिलाई मशीन, शिक्षण, छोटे दुकान, एवढीच कर्जे घ्या. सरकारी आदेशाने ज्याची कमाई बंद आहे, त्याचे त्या महिन्यांचे व्याज सरकारने भरावे. मुद्दल तो भरेल. माझ्या अनुभवात आमचे लोक मुद्दल बुडवत नाहीत.

कोणाची कमाई बंद आहे हे कसे ओळखायचे, असा प्रश्न येईल. कर्ज देताना आम्ही कारण लिहून घेतो. व्हॅनकाकांच्या फाइलवर "शालेय वाहतूक" असे स्वच्छ लिहिलेले आहे आणि आरटीओच्या परवान्यावरही आहे. शाळा बंद ठेवण्याचा आदेश निघाला त्या तारखेपासून, शाळा उघडल्याच्या तारखेपर्यंत, अशा खात्यांचे हप्ते आपोआप थांबावेत. अर्ज नको. ज्यांना भरायचे आहे त्यांनी भरावे. मंगल कार्यालये, हॉटेले, जिम, नाट्यगृहे यांच्याशी बांधलेल्या कर्जांचेही तसेच.

मृत्यू झालेल्या घरात निदान तीन महिने कोणताही वसुलीचा निरोप जाऊ नये आणि विमा आहे की नाही हे बँकेने स्वतः तपासून वारसाला सांगावे, यासाठी साथीची वाट बघायचीही गरज नाही. हे उद्यापासून करता येईल.

राज्याच्या वित्तमंत्र्यांना प्रत पाठवते आहे, त्याचे कारण पतसंस्था. २०२० ची स्थगिती व्यापारी बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांच्या कर्जांना होती. पतसंस्था आपल्या अखत्यारीत येत नाहीत, त्यामुळे तिथल्या कर्जदाराला ती मिळाली नाही. गावोगावी, पेठापेठांत सगळ्यात छोटा माणूस पतसंस्थेतूनच कर्ज काढतो, जामीनदार म्हणून शेजाऱ्याला उभा करतो. तो थकला की शेजारीही थकतो आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. राज्याने आपला नियम आपण लिहून ठेवावा.

आणि शेवटची मागणी, जी सगळ्यात स्वस्त आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या आपल्या परिपत्रकाने बँकांना बंधन घातले की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा आणि त्याचा परिणाम त्याला कळवावा. हेच बंधन स्थगितीलाही घाला. मी मराठीत एका पानाचा नमुना तयार केला आहे, तो या पत्रासोबत पाठवते आहे. त्यात चार ओळी आहेत : आज तुमचे कर्ज किती, हप्ता थांबवला तर सहा महिन्यांनी किती होईल, किती हप्ते वाढतील, एकूण किती रुपये जास्त जातील. प्रत्येक ओळीपुढे मोकळी चौकट आहे, ती शाखेतल्या माणसाने भरायची. तो नमुना व्हॅनकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "सही वर नको, खाली ठेवा. आधी वाचून होऊ द्या." म्हणून सहीची जागा चौथ्या ओळीच्या खाली ठेवली आहे. शब्द आपल्याला हवे तसे बदला. ती जागा मात्र तिथेच राहू द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
कर्ज विभागातील एक कर्मचारी,
नागरी सहकारी बँक, महाराष्ट्र